जवळपास डबीच दिसत नाही, मग खान्देशात जिओकॅशिंग खेळायचं कसं?

पाचोऱ्याहून एका ताईंनी विचारलंय: घरात नऊ आणि तेरा वर्षांच्या दोन मुली, सासूबाई आणि सोबत शेजारचं एक कुटुंब. दिवाळीच्या सुट्टीत सगळ्यांनी मिळून जिओकॅशिंग, म्हणजे कुणीतरी लपवलेली डबी जीपीएसच्या आकड्यांवरून शोधण्याचा खेळ, करायचं ठरलं, ॲपही उतरवून घेतलं, पण नकाशावर जवळपास एकही डबी दिसेना. वेगळं जीपीएस यंत्र घ्यावं लागेल का, मुलींना रानात न्यावं का, आणि मुळात आपल्या भागात हा खेळ जमेल का?

ताई, जमेल. फक्त सुरुवात उलट्या टोकाने करा. पुण्या-मुंबईकडचा माणूस आधी दुसऱ्यांनी लपवलेल्या डब्या शोधतो आणि बऱ्याच काळाने स्वतः एखादी लपवतो. आपल्याकडे डब्या तुरळक, म्हणून पहिल्याच रविवारी लपवायला शिकायचं. एकमेकांसाठी, घरच्या घरी, कुठल्याही संकेतस्थळावर न नोंदवता. कितीतरी घरांना मी या खेळाला लावलंय. पाहण्यात असं आलंय की नुसतं शोधणारी मुलं तिसऱ्या-चौथ्या वेळी कंटाळतात, आणि ज्यांना लपवायला मिळतं ती मुलं सुट्टी संपली तरी आईचे डबे पळवत राहतात.

शेजारच्या घराला अजून काही माहीत नसेल, म्हणून थोडक्यात सांगतो. अमेरिकेने जीपीएसच्या नागरी संदेशात मुद्दाम मिसळलेली चूक २ मे २००० रोजी काढून टाकली. तोवर साध्या यंत्रावर जागा शंभरेक मीटर इकडे-तिकडे दाखवली जायची, ती एकदम दहा-वीस मीटरच्या आत आली. दुसऱ्याच दिवशी ओरेगन राज्यात डेव्ह उल्मर नावाच्या गृहस्थाने रानात एक बादली ठेवली, आत वही-पेन्सिल आणि काही चिल्लर वस्तू टाकल्या आणि तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर जाहीर केले. नियम एवढाच की काहीतरी घ्या, काहीतरी ठेवा आणि वहीत नाव लिहा. आज जगात तीस लाखांच्या वर डब्या आहेत आणि खेळ तोच आहे. बदल म्हणाल तर त्या पहिल्या बादलीत घेवड्याचा डबाबंद कॅनही होता. आता खाण्याची वस्तू ठेवायला सक्त मनाई आहे, आणि सातपुड्यातली माकडं ज्यांनी पाहिलीत त्यांना कारण सांगायला नको.

वेगळं यंत्र घेऊ नका. हातातला मोबाइल पुरतो. मोकळ्या आभाळाखाली तो तीन ते पाच मीटरपर्यंत नेऊन सोडतो, आणि त्याला जीपीएससाठी इंटरनेट लागत नाही. नकाशा मात्र घरूनच उतरवून घ्या, कारण चोपडा-यावलच्या वर डोंगरात शिरलं की रेंज जाते. हा खेळ चालवणाऱ्या कंपनीचं अधिकृत ॲप आहे, अँड्रॉइडवर सी:जिओ नावाचं फुकट ॲपही आहे. अधिकृत ॲपच्या फुकट खात्यावर सगळ्या डब्या दिसत नाहीत, हेही लक्षात असू द्या. एक इशारा: परदेशातले नातेवाईक कधी हौसेने उपग्रहावरून निरोप धाडणारं यंत्र भेट आणतात. ते आपल्याकडे परवान्याशिवाय बाळगता येत नाही. साधं जीपीएस वेगळं आणि हे वेगळं.

नवख्याची फजिती यंत्रामुळे होत नाही, आकडे लिहिण्याच्या पद्धतीमुळे होते. या खेळात अंश आणि दशांश मिनिटं वापरतात (एका अंशाची साठ मिनिटं), म्हणजे उत्तर अक्षांश २१° ०३.५००'. मोबाइलचे नकाशे बहुतेक वेळा दशांश अंश दाखवतात, २१.०३५०० असे. दोन्ही सारखेच वाटतात, पण पहिला आकडा दशांश अंशात २१.०५८३३ होतो. एकाच्या जागी दुसरा भरलात तर अडीच किलोमीटरहून जास्त चुकाल. ॲपच्या सेटिंगमध्ये एकदा पद्धत ठरवा आणि शेजाऱ्यांच्या मोबाइलवरही तीच ठेवा.

आता डबी. चारही बाजूंनी कडी लागणारा जाड प्लॅस्टिकचा डबा सगळ्यांत बरा. स्टीलचा चमकतो आणि दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी स्वयंपाकघरात पोचतो. पातळ प्लॅस्टिक आपल्या उन्हात एका उन्हाळ्यात ठिसूळ होऊन तडकतं. छोट्या डबीसाठी औषधाच्या गोळ्यांची बाटली चालते. चुन्याची डबी पुष्कळांना सुचते, पण ती घट्ट बसत नाही, पहिल्या सरीत आतल्या कागदाचा लगदा होतो. आत एक छोटी वही, एक पेन्सिल (पेनची शाई ओलीने पसरते), बुटांच्या खोक्यात येते ती ओल शोषणारी पुडी, आणि चार-दोन वस्तू: भोवरा, गोट्या, बांगडी, जुनं नाणं. चाकू, काडेपेटी, फटाके नकोत. दिवाळीत मुलांना फटाके ठेवायचा मोह होणारच, म्हणून मुद्दाम सांगतो.

डबीबद्दल आणखी एक. आपला जळगाव जिल्हा पाइपांचा आणि ठिबकचा, त्यामुळे पीव्हीसी पाइपचा वीतभर तुकडा, दोन्हीकडे टोपणं, असा डबा कुणालाही सुचतो. टिकाऊ आहे आणि पाणी शिरत नाही. तरी शेतात तो वापरू नका. कारण सरळ आहे: डबी पाइपसारखी दिसते हे मुलांना एकदा कळलं की ती प्रत्येक खरा पाइप फिरवून पाहतात, आणि ऐन कपाशीच्या पाण्याच्या वेळी ठिबकची टोपणं उघडी पडलेली पाहून शेतकरी जे बोलेल ते मुलींनी ऐकण्यासारखं नसेल. विजेच्या पेटीचं किंवा मीटरचं सोंग तर अजिबात घेऊ नये. खऱ्या वस्तूची नक्कल करायची ती अशाच वस्तूची, जी दुसऱ्याने हलवली तरी कुणाचं बिघडत नाही. सुकं लाकूड, दगड, खोटं घरटं.

पहिला खेळ नात्यातल्या शेतावर करा. एक घर लपवेल, दुसरं शोधेल, दुपारनंतर उलट. मालकाला आधी विचारा, तो काका असला तरी. दिवाळीच्या सुमारास कापूस वेचणी चालू असते, मजूर रानात असतात, त्यांनाही सांगून ठेवा. केळीच्या बागेत नको. तिथे पानांच्या दाटीत मोबाइलचा बाण भिरभिरतो, आणि प्रत्येक ओळ दुसरीसारखीच, त्यामुळे नऊ वर्षांच्या मुलीला ना डबी सापडते ना परतीचा रस्ता. बांधावरचं लिंबाचं झाड, विहिरीपासून दूर असलेली जुनी दगडी ताल, पडका गोठा या जागा चांगल्या. बांधावर गवतात लपवलीत तर उन्हाळ्याआधी काढून घ्या, कारण मशागतीच्या वेळी बांध पेटवतात.

जागा ठरली की आकडे कसे घ्यायचे, हे नीट सांगतो, कारण घरोघर इथेच घाई होते. गिरणाकाठच्या एका मळ्यात आम्ही मुलांकडून हे करून घेतलं होतं. डबी लिंबाच्या मुळाशी, वर दोन चपटे दगड. मुलीने मोबाइल दगडावर सपाट ठेवला आणि दोन-तीन मिनिटं नुसती बसली. पडद्यावरचा शेवटचा आकडा नाचत होता, तो थांबल्यावर तिने अक्षांशाच्या मिनिटांतले दशांशानंतरचे तीन आकडे वहीत लिहिले: ४१२. मग पन्नास पावलं विहिरीकडे गेली, परत आली, पुन्हा वाट पाहिली: ४१५. रस्त्याच्या बाजूने आली: ४१३. गोठ्याच्या बाजूने आली: ४२१. अक्षांशाच्या मिनिटाचा हजारावा भाग म्हणजे जमिनीवर सुमारे १.८५ मीटर, तेव्हा ४१२ ते ४१५ ही चूक पाच-साडेपाच मीटरची, चालण्यासारखी. ४२१ म्हणजे पंधरा मीटर पलीकडे, ज्वारीत. गोठ्याच्या पत्र्यावरून संदेश उडून येतो म्हणून ते झालं. तो आकडा खोडला आणि मधला ४१३ धरला. रेखांशाचंही तसंच, फक्त आपल्या अक्षांशावर तिथला हजारावा भाग थोडा लहान भरतो, १.७३ मीटर. तुमच्या तेरा वर्षांच्या मुलीला विचारा की का. पृथ्वीचा गोल पुढ्यात घेतला की ती स्वतःच सांगेल.

शोधताना एकच नियम कडकपणे पाळा: दहा मीटर उरले की मोबाइल खिशात. बाण त्याच्या पुढे काही सांगत नाही, उलट मुलं पडद्याकडे बघत खड्ड्यात पाय घालतात. मग उभं राहून बघायचं. आपण असतो तर कुठे लपवली असती? कुठला दगड दगडांमध्ये बसत नाही? कुठलं गवत एकाच बाजूला दबलंय? मोठी माणसं इथे हरतात आणि लहान मुलं जिंकतात, कारण त्यांची नजर गुडघ्याच्या उंचीवर असते. आणि कपारीत, बिळात, ढोलीत हात घालायचा नाही. आधी काठी, मग बॅटरीचा उजेड, मग हात. फुरसं आणि विंचू दगडाखालीच असतात, तेव्हा दगड उचलायचा तो पलीकडची कड धरून आपल्याकडे, म्हणजे खालचं जे असेल ते पलीकडे पळेल. लपवणाऱ्यानेही हे ध्यानात ठेवावं: हात घातल्याशिवाय निघणार नाही अशा जागी डबी ठेवणं हा आपल्याकडे गुन्हाच समजा.

सासूबाईंना घरी ठेवू नका. या खेळात प्रत्येक डबीला अवघडपणा आणि वाट असे दोन आकडे देतात, १ ते ५, मध्ये अर्ध्याचे टप्पे. वाटेचा १ म्हणजे चाकाच्या खुर्चीवरूनही पोचता येईल अशी जागा. निदान एक डबी तशी ठेवा. त्याहून छान म्हणजे खुणेची चावी त्यांच्याकडे द्या. मुलं अडली की आजीकडे यायचं, आजी अहिराणीत कोडं घालणार, ते सुटलं तर खूण. मुलांना अहिराणी समजत नाही म्हणून खंत करणारी घरं आपल्याकडे बक्कळ आहेत. इथे ती समजल्याशिवाय डबी मिळत नाही.

आता रानाचं. मुलींना जरूर न्या, पण कुठे आणि कसं हे आधी ठरवून. गावाबाहेर चार अनोळखी माणसं मोबाइल धरून दगड उचकताना दिसली की पाच मिनिटांत कुणीतरी गाडी थांबवतं, ‘काय शोधी राहिनात भो?’ लपवाछपवी करू नका. परदेशी खेळाडू बघ्यांपासून लपण्यातच मजा मानतात, ते तिकडे ठीक. इथे पडक्या देवळापाशी किंवा गढीपाशी खोदाखोद म्हणजे गुप्तधन, असा लोकांचा पक्का समज आहे आणि त्यापायी पोलिसही येतात. म्हणून ‘खजिना शोधतोय’ हे शब्द चुकूनही काढू नका. मुलांचा नकाशाचा खेळ आहे म्हणा, डबी उघडून दाखवा, त्यांच्याही मुलाचं नाव वहीत लिहून घ्या. अनोळखी वस्तीवर पोरांना गोळ्या-चॉकलेट वाटत फिरू नका. २०१८ साली आपल्याच साक्री तालुक्यात राईनपाड्याला मुलं पळवण्याच्या अफवेवरून जमावाने पाच निरपराध माणसांचा जीव घेतला. हे भीती घालायला सांगत नाही. वस्तीवर आधी पोलीस पाटलाला किंवा सरपंचाला भेटून मग पुढे जायचं, एवढ्यासाठी सांगतो.

बेवारस डबा म्हणजे संशय, हेही आलंच. भुसावळ जंक्शनच्या आसपास, बसस्टँड, सरकारी कचेऱ्या, शाळा, पूल, धरणाची भिंत, यात्रेची जागा इथे काही ठेवायचं नाही. डबा पारदर्शक असावा आणि आत वरच मराठीत चिठ्ठी असावी: हा मुलांचा खेळ आहे, धोका नाही, कृपया जागेवर ठेवा. पारोळ्याचा किल्ला असो, थाळनेरच्या फारुकी कबरी असोत की बलसाण्याची देवळं, जुन्या वास्तूच्या सांध्यात डबी खोचणं बंद. लोक शोधताना दगड हलवतातच. जमिनीत पुरायचीही नाही, हा तर जगभरचा नियम आहे. यावल, अनेर आणि गौताळा ही अभयारण्यं आहेत, तिथे वनखात्याच्या परवानगीविना वस्तू ठेवता येत नाही.

मग अशा जागा सोडून द्यायच्या? मुळीच नाही. जिथे डबी ठेवता येत नाही तिथे प्रश्न ठेवा. गौताळ्यातल्या पाटणादेवीच्या मंदिराचंच घ्या, तुम्हाला चाळीसगावमार्गे सोयीचं आहे. तिथल्या शिलालेखात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढल्याचा उल्लेख आहे. भास्कराचार्यांचा जन्म १११४ चा, आणि त्यांच्या ‘लीलावती’तलं एक गणित तर या खेळासाठीच केलंय असं वाटतं. नऊ हात उंच खांबावर मोर, खांबाच्या बुडाशी सापाचं बीळ. साप सत्तावीस हातांवरून बिळाकडे निघालाय. मोर तिरकी झेप घेतो आणि दोघांचं अंतर सारखंच पडतं, तर बिळापासून किती हातांवर गाठ पडेल? उत्तर १२. दोघेही पंधरा हात गेले. मंदिराच्या आवारात मुलींना हे सोडवायला लावा, १२ हा आकडा डबीच्या अक्षांशात मुद्दाम रिकाम्या सोडलेल्या जागी भरायचा, आणि खरी डबी अभयारण्याबाहेर, ज्या हॉटेलवाल्याकडे शेवभाजी खाणार त्याला विचारून त्याच्या आवारात. वीसेक मिनिटं पोरं पायथागोरसशी झटापट करतात आणि कुणालाही अभ्यास केल्यासारखं वाटत नाही.

दुसरा प्रकार भूगोलाचा. यात डबी नसते, जागेवर जाऊन निरीक्षण करून उत्तर द्यायचं. त्याला अर्थकॅश म्हणतात आणि यात आपला भाग भलताच श्रीमंत आहे. धुळे-नंदुरबारकडे माळावर काळ्या दगडाच्या भिंती धावताना दिसतात. लोक त्यांना कुणा राजाची किंवा राक्षसाची भिंत म्हणतात. लाव्हाच्या थरांना भेगा पडल्या, त्यांत तप्त रस खालून चढला, थिजला, आणि भोवतालचा खडक झिजून गेल्यावर तो भिंतीसारखा उभा राहिला. अशा भित्ती इतक्या दाटीने फार थोड्या ठिकाणी आढळतात. मुलांना होकायंत्र द्या आणि विचारा, भिंत कुठल्या दिशेला धावते? बहुतेक भिंती पूर्व-पश्चिम निघतील. मग विचारा, तापी कुठल्या दिशेला वाहते? दोन्ही उत्तरं शेजारी ठेवली की पुढचे प्रश्न तीच विचारतात. चोपड्याजवळ अडावदच्या उनपदेवला गरम पाण्याचा झरा आहे, तिथेही असंच करता येतं. पाणी कुठे किती गरम ते थर्मामीटरने मोजायचं आणि लिहायचं, भाविकांच्या आड न येता.

घरचा खेळ वर्षभर टिकला तरच खेळाच्या संकेतस्थळावर जाहीर डबी नोंदवा. तिथले नियम वेगळे: दुसऱ्या डबीपासून १६१ मीटर अंतर, जागामालकाची परवानगी, आणि एक स्वयंसेवक तपासनीस ते पाहूनच मंजुरी देतो. मुख्य अट देखभालीची. तोरणमाळला सहलीला गेलो आणि डबी ठेवून आलो, हे चालत नाही. पावसाळ्यानंतर वही बदलायला कोण जाणार? घरापासून दुचाकीवर सहज जाता येईल एवढ्याच टापूत ठेवा. आपल्याकडे आणखी डब्या याव्यात असं मलाही वाटतं, पण ओल्या वहीची, फुटक्या झाकणाची डबी असण्यापेक्षा नकाशा रिकामा बरा.

हंगाम ऑक्टोबर ते फेब्रुवारी. मार्चपासून सकाळी नऊच्या आत आटपा, आणि मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हा घरात बसून पुढच्या डब्यांची कोडी करा. पावसाळ्यात काळ्या मातीत चप्पल सोडून यायची तयारी असेल तरच. सोबत माणशी दोन लिटर पाणी, पूर्ण बाह्या, बूट, काठी आणि एक रिकामी पोती. येताना वाटेतला प्लॅस्टिकचा कचरा तिच्यात भरून आणायची रीत या खेळात जगभर आहे, आणि मेहरूण तलाव असो की तोरणमाळ, पोती रिकामी येत नाही. जेवण डब्याचं न्या, नाहीतर शेतावरच काड्यांवर वांगी भाजून भरीत करा. लपवणारं घर आणि शोधणारं घर यांच्यात त्या दिवशी कोण हरलं, त्याने कांदे-मिरच्या चिरायच्या, हा आमच्या गटातला नियम.

राहिलं शेवटचं. पुण्याला, नाशिकला किंवा सुरतेला नातेवाइकांकडे जाल तेव्हा तिथल्या जाहीर डब्या शोधा. अवघडपणा २ च्या आतल्या घ्या आणि जाण्याआधी त्या पानावरच्या शेवटच्या चार-पाच नोंदी वाचा. तिथे सलग ‘सापडली नाही’ असेल तर डबी बहुधा गेलेली असते, मुलांना घेऊन जाऊ नका. तुम्हाला नाही सापडली तर तुम्हीही तसंच लिहा. लोक लाजून ही नोंद टाळतात आणि मालकाला डबी गेल्याचं महिनोन्‌महिने कळतच नाही.